विचारा तर खरं : थोरल्या जाऊबाईंना का मारलं?

प्रश्न : ताई, रात्री साडेआठच्या मालिकेतल्या थोरल्या जाऊबाईंना गेल्या आठवड्यात जिन्यावरून पाडून मारलं. तेव्हापासून आमच्या सासूबाईंचं जेवणात लक्ष नाही. तलावपाळीला त्यांच्या मैत्रिणींचा कट्टा आहे, तिथेही हाच विषय. आता सगळ्या मिळून चॅनलला पत्र धाडणार आहेत. मिस्टर म्हणतात, ‘आई, अगं ते सगळं खोटं असतं,’ की लगेच घरात अबोला. पत्राचा काही उपयोग होतो का? की त्यांनाच समजवावं?
– एक सून, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आधी मिस्टरांना गप्प करा. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याचा काटा मारलेला ओळखणाऱ्या बाईला मालिका खोटी असते हे सांगावं लागत नाही. माणूस गेला याचं त्यांना वाईट वाटतंय, पण राग आलाय तो उरकून टाकल्याचा.

घोडबंदर रोडच्या सेटवर मी बरीच वर्षं संवाद लिहिलेत, दोन-चार पात्रं माझ्याही हातून गेलीत. मालिकेतलं मरण गोष्टीतून क्वचितच येतं. नटीला नाटकाचे दौरे लागतात, तारखा जुळत नाहीत, पैशांवरून बिनसतं. किंवा गुरुवारी टीआरपी येतो आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘काहीतरी मोठं घडवू या.’ मग फोन येतो, थोरलीला या आठवड्यात काढायचंय. जिने सगळ्या घराचं निस्तरलं तिला दोन भागांत निरोप, आणि तेराव्याच्या आत साखरपुड्याचा महाएपिसोड! सासूबाई चिडणार नाहीत तर काय.

एकदा हार घालायचा फोटो भिंतीवर लावणं चाललं होतं. आर्टवाला पोरगा खिळा ठोकतोय, चंदनाचा हार तयार. तेवढ्यात ती ‘गेलेली’ नटीच राहिलेल्या चेकची चौकशी करायला सेटवर आली. फोटोकडे बघून म्हणाली, ‘हा नको हो, हनुवटी दुहेरी दिसतेय. आता हाच कायम राहणार ना?’ मोबाइलमधून दुसरा शोधला, प्रिंट मागवली, तोवर शूटिंग थांबलं. तिच्या मरणावर तेवढा वेळ आम्ही लेखकांनी घातला नव्हता.

आता पत्राचं. कधीकधी होतो उपयोग. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका 2000 साली सुरू झाली. तिच्यातला मिहीर मेला तेव्हा प्रेक्षकांनी एवढा गहजब केला की त्याला परत आणावं लागलं, तोही स्मृती गेलेला. पण तेव्हापासून मालिकेतल्या मरणावर कोणाचा विश्वास राहिला नाही. कोणी दरीत कोसळलं की आमच्या शेजारच्या काकू एवढंच विचारतात, ‘बॉडी दाखवली का?’ नाही ना, मग येतोय परत!

अमेरिकेतल्या ‘मॅश’ मालिकेने नेमकं उलट केलं. युद्धभूमीवरून घरी निघालेल्या कर्नल ब्लेकचं विमान पाडलं गेल्याची बातमी 1975 मध्ये एका भागाच्या शेवटी आली. काम करणारा नट मालिका सोडत होता, कारण तिथेही तेच. पण तो शेवटचा प्रसंग बहुतेक कलाकारांनाही आधी कळू दिला नव्हता. रागाची पत्रं ढिगाने आली. ब्लेक काही परतला नाही, आणि तो प्रसंग लोकांच्या अजून लक्षात आहे.

तेव्हा सासूबाईंना लिहू द्या. फक्त ‘परत आणा’ नको. थोरलीचे दागिने कोणाकडे गेले, तिच्या मुलाचा डबा आता कोण भरतं, दिराला एकदाही रडू कसं फुटलं नाही, असं खोदून विचारायला सांगा. लेखकाच्या हाती असं पत्र पडलं तर आठ-दहा भागांची सोय होते. सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन नको, प्रत्येकीने आपापलं लिहावं. आणि ‘बघणं बंद करू’ ही धमकी फुकट आहे. टीआरपी मोजणारे मीटर निवडक घरांतच बसवलेले असतात, तुमच्या कट्ट्यावर कोणाकडे असण्याची शक्यता कमीच.

प्रश्न : थोरलीला ढकलणाऱ्या धाकटीचं काम करणारी नटी आमच्याच सोसायटीत राहते. काही बायका लिफ्टमध्ये तोंड फिरवतात, इन्स्टाग्रामवर तर शिव्यांचा पाऊस आहे. मी कमिटीत आहे. नोटीस लावू का?
– एक सेक्रेटरी, कासारवडवली

उत्तर : नोटीस नको, सोसायटीचं हसं होईल. येत्या हळदीकुंकवाला तिला आग्रहाने बोलवा, समोरासमोर चहा झाला की निम्म्या बायका सेल्फी मागतील. शिव्यांत धमक्याही असतील तर तिला स्क्रीनशॉट जपून ठेवायला आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यायला सांगा, गरज पडली तर सोबत जा. पण पुढे काय होणार, हे मात्र तिला विचारू नका. करारामुळे ती सांगू शकत नाही, आणि बहुतेक वेळा तिचे सीन तिलाही सकाळी मेकअपच्या खुर्चीतच मिळतात.