प्रहसनाला विरोध होणार असेल, तर प्रयोग रद्द करावा का?

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळातील तरुणांनी यंदा पाऊण तासाचे एक प्रहसन बसवले आहे. त्यात सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांची थट्टा आहे आणि एका गाजलेल्या हिंदी गाण्याचे विडंबन आहे. देवाधर्माचा उल्लेख नाही. तालमीचे चित्रण मोबाइलवर फिरल्यानंतर ‘प्रयोग केलात तर निदर्शने करू’ असा निरोप आमच्या अध्यक्षांना आला. ज्येष्ठ मंडळी ‘गणपतीत राजकारण नको, रद्द करा’ म्हणतात आणि मुले ऐकायला तयार नाहीत. निदर्शने करण्याचा हक्क समोरच्यांनाही आहेच. मग नमते कोणी घ्यायचे?
— एक कार्यवाह, इंदूर

उत्तर : नमते कोणीच घेण्याची गरज नाही. राज्यघटनेच्या ज्या १९ व्या अनुच्छेदाने आपल्या मुलांना बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, त्याच अनुच्छेदाने निदर्शकांना शांततेने व निःशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यांनी सभागृहाबाहेर फलक धरावेत, पत्रके वाटावीत, प्रेक्षकांना बहिष्काराचे आवाहन करावे, वाटल्यास आपले उत्तरादाखल प्रहसन बसवावे. मात्र प्रयोग होऊच न देणे हा त्या हक्काचा भाग नाही. आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, एस. रंगराजन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले की निदर्शनांच्या किंवा हिंसाचाराच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही आणि सुव्यवस्था राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. अध्यक्षांना आलेला निरोप हे प्रयोग रद्द करण्याचे कायदेशीर कारण ठरत नाही.

तरीही एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण कायदा आपल्या बाजूने असणे आणि त्या दिवशी पडदा वर जाणे यांत बरेच अंतर असते. ‘पद्मावत’ चित्रपटावर मध्य प्रदेशासह चार राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१८ रोजी स्थगित केली, पण २५ जानेवारीला चित्रपट देशभर झळकला तेव्हा आपल्या राज्यातील बहुतेक चित्रपटगृहांनी तो लावलाच नाही. दुसरे उदाहरण तर आपल्या शहरातलेच आहे. १ जानेवारी २०२१ रोजी छप्पन दुकान भागातील एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराचा कार्यक्रम सत्ताधारी पक्षाच्या आमदारांच्या चिरंजिवांनी थांबवला आणि त्यांच्याच तक्रारीवरून फारुकी यांना आयोजक व इतर कलाकारांसह अटक झाली. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २८ जानेवारीला जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला, तो प्रामुख्याने अटकेपूर्वीची कायदेशीर प्रक्रिया पाळली गेली नसल्याच्या मुद्द्यावर. कायद्याने दिलासा दिला खरा, पण तोवर महिन्याहून अधिक काळ तुरुंगात गेला होता.

या प्रसंगांत एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. दडपणाचा पहिला फटका अनेकदा कलाकाराऐवजी जागेच्या मालकाला बसतो. मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून संतापलेल्या शिवसैनिकांनी मुंबईत खारच्या ज्या स्टुडिओत ते गाणे चित्रित झाले होते त्याची तोडफोड केली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेने तेथील काही बांधकाम पाडले. गाणे मात्र इंटरनेटवर लोक ऐकतच राहिले. म्हणून आपणही पोलिसांकडे जाण्याआधी ज्यांचे सभागृह घेणार आहात त्यांना प्रत्यक्ष भेटा, संहितेचे स्वरूप सांगा आणि भाडेकरार लेखी करा, कारण ऐनवेळी किल्ली न मिळाल्याने प्रयोग बुडाला, तर कोणत्याही न्यायालयाची त्याला स्थगिती मिळत नाही.

त्यानंतर आलेल्या निरोपाची तारीख, वेळ व शब्द नोंदवून ठाण्यात लेखी अर्ज द्या, बंदोबस्त मागा आणि पोहोच घ्या. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे. सणासुदीला आयुक्तालयातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील, म्हणजे जुन्या १४४ खालील, जमावबंदीसारखे आदेश निघतात, ते वाचून घ्या. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती नसणे हे प्रयोग बंद पाडण्याचे सर्वांत सोपे निमित्त असते. संपूर्ण प्रयोगाचे चित्रण आपण स्वतः करा, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याला अखंड चित्रणाने उत्तर देता येईल. तक्रार झालीच, तर २८ मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी निकाल आपल्या वकिलांच्या हाती असू द्या. जामनगरमध्ये एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसाच्या मापाने जोखावा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नव्हे. आणि तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणे उचित ठरेल, असेही न्यायालयाने म्हटले.

विरोधकांशी चहा घेऊन बोलायला हरकत नाही, पण संहिता त्यांच्या मंजुरीसाठी पाठवू नका. एकदा पाठवली की पुढच्या वर्षी निबंधस्पर्धेचे विषयही तेच ठरवतील.

ज्येष्ठांच्या आक्षेपातील निम्मा भाग मला मान्य आहे. वर्गणी सर्व पक्षांच्या घरांतून येते आणि आरतीला आलेल्या माणसाला प्रहसन पाहायचे की नाही हे ठरवण्याची संधी मंडपात मिळत नाही. म्हणून प्रयोग आरतीला जोडून न करता स्वतंत्र वेळी, शक्यतो सभागृहात, स्वरूप आधी जाहीर करून करावा. ‘गणपतीत राजकारण नको’ हे विधान मात्र इतिहासाला धरून नाही. लोकमान्यांच्या काळातील मेळ्यांनी, म्हणजे गणेशोत्सवात गाणाऱ्या पथकांनी, लोकप्रिय चालींवर राजकीय पदेच गायली आणि सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले. खाडिलकरांच्या १९०७ मधील ‘कीचकवध’ नाटकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नसताना कीचक म्हणजे कोण हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ती ज्याच्या आधारे घातली, तो १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आता संसदेने रद्द केला आहे.

प्रश्न : मूळ गाण्याच्या चालीवर आमचे शब्द बसवले, तर संगीत कंपनी आक्षेप घेईल का?
— त्याच मंडळातील एक कलाकार

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेला नाट्य वा संगीताचा प्रयोग हा हक्कभंग मानला जात नाही. पेटी-तबल्यावर चाल वाजवून गायलात, तर फारशी काळजी नको. मूळ ध्वनिमुद्रण वाजवणे हा वेगळा विषय आहे, आणि चित्रण यूट्यूबवर चढवणे तर या सवलतीत बसतच नाही. विडंबनाला आपल्या कायद्यात स्वतंत्र नावाने संरक्षण नाही. समीक्षेसाठी केलेला उचित वापर एवढाच आधार उरतो. कंपनीने दावा केल्यास यूट्यूब आधी चित्रण हटवते आणि वाद नंतर ऐकते, त्यामुळे तेथे प्रहसन गाण्यावाचून टाकावे हे बरे.

प्रश्न : पुण्याहून येणारी नाट्यसंस्था सेन्सॉरचे प्रमाणपत्र असल्याचे सांगते. ते इंदुरात लागते का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ ही महाराष्ट्र शासनाची व्यवस्था असून तिचे प्रमाणपत्र त्या राज्यातील प्रयोगांसाठी असते. इंदुरात ते दाखवणे बंधनकारक नाही; पण ठाण्यात अर्ज देताना त्याची प्रत जोडली, तर संहिता एका शासकीय मंडळाने वाचलेली आहे हे अधिकाऱ्यांना दिसते.