जळगावहून तोरणमाळला नेता येईल अशी पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

खोक्यावरचं '५२५ पट' मोठं दिसेल हे वाचून भुलू नका, आरशाचा व्यास बघा. ११४ मिमी आरसा आणि ५०० मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन घ्या, म्हणजे ट्रायपॉडऐवजी फिरत्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण. लटपटत्या ट्रायपॉडवरच्या स्वस्त दुर्बिणीत हात लागला की गुरू पळतो!

२५ मिमी आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) २० पट, १० मिमीने ५० पट. शनीचं कडं पन्नासात स्पष्ट दिसतं. शोधायला मात्र आधी २५चाच लावा. फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचं साधन) दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवा. सूर्याकडे चुकूनही रोखू नका, डोळा जाईल.

खानदेशातल्या उन्हाळ्यात गाडीत तापलेली नळी लगेच वापरली तर प्रतिमा उकळत्या पाण्यागत थरथरते. अर्धा तास उघड्यावर निवू द्या. सोबत दुर्बीण ठेवायला न डगमगणारं स्टूल न्या, नाहीतर जमिनीवर लोळून बघावं लागेल.