कुरिअरने आलेलं हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांचं, खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायचं प्रवाळ) दोन दिवस मिटूनच आहे, काय करू?

घाबरू नका. अंधाऱ्या पिशवीतून आलेलं हॅमर आठवडाभरही मिटून राहतं. मुख्य म्हणजे त्याला हात लावू नका. रोज जागा बदलणारे हौशी लोकच जास्त कोरल मारतात!

टाकीच्या तळाशी, कमी उजेडात, मंद प्रवाहात ठेवा. उजेड एक-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पाण्याचा खारटपणा ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), तापमान २५-२६ अंश. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. खाणं सध्या बंद.

पुढच्या वेळी कोरलला सवय व्हावी म्हणून पिशवीत टाकीचं पाणी थेंब-थेंब तासन्‌तास सोडत बसू नका: पिशवी उघडली की पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया जास्त विषारी होतो.

तपकिरी, चिकट, घाण वासाचा थर दिसला तर मात्र थांबू नका. कोरल बाहेर काढा, थर धुवा, आयोडीनच्या कोरल-डिपमध्ये (कोरल बुडवून धुण्याच्या द्रावणात) बुडवा, मग वेगळ्या टाकीत ठेवा.