अंथरूण रोज उचलणार असाल तर

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात छोट्या फ्लॅटमध्ये तळमजल्यावर राहतो. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. डबल बेडनं एक खोली पार अडलीय, मुलाला खेळायला जागा उरत नाही. इंटरनेटवर जपानी फुटॉन गाद्या पाहिल्या. एक अकरा हजारांची, सहा इंच जाड, आत फोम. दुसरी तीन इंची, कापसाची. यांची कंबर दुखते आणि सासूबाईंचे गुडघे. जपानी गादी घ्यावी का? कोणती घ्यावी आणि सांभाळायची कशी?

उत्तर : त्या सहा इंची फोमच्या गादीचा विचार सोडून द्या. ती चांगली असेल, पण रोज सकाळी घडी घालून तुम्ही ती कपाटात ठेवू शकणार नाही, आणि जी रोज उचलता येत नाही ती फुतोन नव्हे. जपानी लोक 'फुतोन' म्हणतात ते आपल्या गादी-रजईसारखं जोडीचं अंथरूण-पांघरूण असतं. खाली अंथरायची ती शिकीबुतोन, वर पांघरायची ती काकेबुतोन. एका माणसाची शिकीबुतोन साधारण १०० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर लांब असते, जाडी चार-पाच बोटं. तीन घड्या घातल्या की ती भिंतीतल्या खोल कपाटात जाते. त्या कपाटाला ओशीइरे म्हणतात. लाकडी चौकटीवर दिवसा सोफा आणि रात्री पलंग होणारी जाडजूड फुटॉन अमेरिकेत रुजली. आपल्याकडच्या जाहिरातींत या दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते.

माझं सासर साखर पेठेतल्या गादीच्या दुकानाचं. एकतीस वर्षं मी त्या दुकानात कापूस हाताळला, खोळी शिवल्या, गाद्या टाचल्या. तरी फुतोनबद्दल जे कळलं ते दुकानात कळलं नाही. मुलगा नागोयाला नोकरीला होता तेव्हा मी त्याच्याकडे अडीच महिने राहिले. मे महिना छान गेला. जूनमध्ये तिकडचा पाऊस सुरू झाला आणि माझा पाय मुरगळला, म्हणून सहा दिवस अंथरूण तसंच पडून राहिलं. सातव्या दिवशी उचललं, तर खालच्या तातामीवर, म्हणजे तिकडच्या जाड गवती चटईवर, माझ्या पाठीच्या आकाराचा ओलसर डाग, आणि गादीच्या पोटाला मोहरीएवढे काळे ठिपके. मुलाच्या घरमालकीणबाई आल्या, त्यांनी बघितलं आणि एकच शब्द बोलल्या : मान्नेन्दोको. दहा हजार वर्षांचं अंथरूण, म्हणजे जे कधी उचललंच जात नाही ते. त्या बाईंनी माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून ती चटई पुसली. तो दिवस मी विसरले नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. झोपेत अंगातून घाम आणि वाफ निघत राहते. कापूस ती पितो. वरची बाजू अंगाच्या उबेनं कोरडी राहते, वाफ खाली सरकते आणि थंड जमिनीला लागून गादीच्या पोटात पाणी धरते. पलंगाला खालून वारा असतो, जमिनीवरच्या गादीला नसतो. तातामी इगुसा नावाच्या गवताची विणलेली असते, आतून पारंपरिक पद्धतीनं भाताचा पेंढा. ती थोडा ओलावा शोषते आणि हवा लागली की सोडते. तुमच्या घरातली चकचकीत टाइल यातलं काहीच करत नाही. जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी निदान खडबडीत तरी होती. आणि प्लास्टिकची चटई तर टाइलपेक्षा वाईट, तिच्यावर गादी अंथरू नका. सोलापूरची हवा कोरडी हे खरं, पण जुलै ते सप्टेंबर आणि त्यातून तळमजला, म्हणजे तुम्हाला जपावं लागेल. गादीखाली गवताची किंवा वेताची चटई घाला. पावसाळ्यात त्याखाली लाकडी पट्ट्यांची फळी, दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवून. जपानी लोकही अशी फळी वापरतात, तिला सुनोको म्हणतात. आपल्याकडे कुठलाही सुतार सागाच्या उरलेल्या पट्ट्यांतून ती करून देईल. रोल होणारी करून घेतली तर तीही कोपऱ्यात उभी राहते.

आता कोणती घ्यायची. माझं मत सरळ आहे : विकत घेण्यापेक्षा करून घ्या. तुम्हाला जी तीन इंची कापसाची गादी दिसली, तशी सोलापुरात बनवणारे हात अजून आहेत. नदाफ मंडळींची पिंजाईची दुकानं पूर्वीइतकी नाहीत, खांद्यावर धुनकी घेऊन गल्लीतून जाणारा पिंजारी तर तुमच्या मुलानं पाहिलाही नसेल. पण यंत्रावर कापूस पिंजून गादी भरून देणारे भेटतात. त्यांना आपल्या नेहमीच्या गादीचं माप सांगू नका. नेहमीची तीन बाय सहाची गादी आठ-दहा किलो कापूस खाते आणि दोघांशिवाय हलत नाही. तुम्ही पाच ते सहा किलो सांगा, लांबी साडेसहा फूट, जाडी पिंजल्यावर साडेतीन इंच. काही दिवसांत ती बसून तीनवर येते. यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी वेगवेगळ्या दोन गाद्या करा, डबल नको. डबल गादी उचलायला एक दिवस तुम्ही कंटाळाल, आणि तिथेच सगळं बिघडतं.

कापूस कोणता? लांब धाग्याचा कापूस सूत कातायला उत्तम. गादीला आखूड, जाडसर, उसळी मारणारा धागा लागतो. आपला देशी कापूस तसा असतो, आणि जपानमध्ये गादीसाठी भारतातला असा आखूड धाग्याचा कापूस मुद्दाम वापरतात. नागोयाच्या दुकानात माझ्या हातात आला तेव्हा मी बोटांनी ओळखला. आता आपल्याकडे बहुतेक शेतांत बीटीची संकरित वाणं आहेत, देशी कापूस शोधावा लागतो. मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. न मिळाला तरी हरकत नाही, एवढं मात्र बघा : मूठभर कापूस घट्ट दाबून सोडा, तो परत फुलला पाहिजे. रंग सायीसारखा पिवळसर हवा. फार पांढराशुभ्र असेल तर त्यात चिंध्यांचा भुगा किंवा पॉलिएस्टर असण्याची शक्यता धरा. चिमूटभर कापूस दिव्यावर धरा. खरा कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळून टणक गोळी होते. सरकी, कवडी, काडीकचरा राहिलेला असेल तर पुन्हा पिंजायला सांगा, संकोच करू नका. सावरीचा कापूस उशीला छान, गादीला नको. तो अंगाखाली दबून जातो.

भरताना समोर बसा. कापूस गोळ्यागोळ्यांनी कोंबायचा नसतो, थरावर थर द्यायचा असतो, एक उभा आणि एक आडवा. जपानी कारागीर मधला भाग किंचित उंच ठेवतात, कारण कंबरेखाली गादी आधी बसते. आपल्या कारागिराला 'मध्ये एक थर जास्त द्या' म्हटलं की कळतं. टाके फार ओढू देऊ नका. घट्ट टाचलेली गादी दिसायला रेखीव असते, पण तिच्यात हवा खेळत नाही. कापड गादीपाटाचंच, सुती.

कंबरेबद्दल. जमिनीवर झोपलं की पाठ बरी होते असं लोक ठासून सांगतात, मी तसं सांगणार नाही. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं मला २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला स्पेनमधला अभ्यास समजावून सांगितला. जुन्या कंबरदुखीच्या ३१३ लोकांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली, आणि नव्वद दिवसांनी मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम होता. म्हणजे खालची कडक जमीन पाठीला लागू नये म्हणून यांच्या गादीत सहा किलोपेक्षा कमी कापूस नको. कुशीवर झोपत असतील तर वर एक सोलापुरी चादर दुहेरी घडी करून घाला, खांद्याला आणि कमरेच्या हाडाला टेकू मिळतो. पायाला मुंग्या येत असतील किंवा दुखणं पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टर, मग गादी.

सासूबाईंना मात्र जमिनीवर झोपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. रात्री तीनला बाथरूमला उठताना दुखऱ्या गुडघ्यांवर जमिनीवरून उठणं किती जड जातं ते मी माझ्या आईचं पाहिलंय. त्यांना अरुंद लाकडी पलंग ठेवा आणि त्यावर हीच तीन इंची गादी घाला. जपानमध्येही पुष्कळ वयस्कर माणसं आता पलंगावरच झोपतात.

सांभाळण्याचं सांगते. सकाळी उठल्या उठल्या घडी घालू नका. पांघरूण काढा, गादीची एक बाजू खुर्चीवर टाकून अर्धा तास खालून वारा लागू द्या, चहा होईपर्यंत. मग तीन घड्या. कपाटात दाबून ठेवू नका, खाली दोन पट्ट्या ठेवून त्यावर ठेवा. आठवड्यातून एकदा-दोनदा ऊन. इथे जपानी पद्धत जशीच्या तशी उचलू नका. तिकडे लोक दहा ते दोनपर्यंत गाद्या बाल्कनीच्या कठड्यावर टाकतात, मोठाले चिमटे लावून. आपल्या मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दुपारभर टाकलीत तर कापड विटेल आणि कापूस ठिसूळ होईल. आठ ते दहाचं ऊन पुरे, एका बाजूला तासभर, मग उलटून तासभर. आत आणल्यावर लगेच घडी नको, निवू द्या. काठीनं बदडू नका. आपल्याकडे आणि जपानमध्येही बायका बदडतात, पण त्यानं धागे तुटतात आणि तुटका धागा धूळ होऊन बाहेर येतो. हातानं थोपटा, मग कुंच्यानं झटका. दर आठवड्याला डोकं-पाय बदला.

खोळ वेगळी शिवा, नाडीची, म्हणजे फक्त तीच धुवायची. तुमच्याकडे पाणी रोज येत नसणार, म्हणून दोन खोळी ठेवा. गादी स्वतः कधीही भिजवायची नाही. आणि तळमजला आहे, आजूबाजूला अजून मोकळी रानं आहेत, तेव्हा रात्री अंथरताना गादी आणि उशी झटकून घ्या. विंचू ओलसर आडोसा शोधतो. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून टाका.

एक गोष्ट करून बघा. नवीन गादी करायला टाकण्याआधी पंधरा दिवस घरातल्या सतरंज्या आणि गोधड्यांवर खाली झोपा, आणि रोज सकाळी सगळं उचला. आमच्या लहानपणी अंथरुणांची चवड कोपऱ्यात लागल्याशिवाय केर निघत नसे. तुमच्या घरात ते पंधरा दिवस जमलं तर बिनधास्त गादी टाका. न जमलं तर पलंगच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : मी विजापूर रोडला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन शिकते. मुंबईला गेलेल्या एका ताईंनी त्यांची जपानी पद्धतीची कापसाची गादी मला दिली. तिला कुबट वास येतो आणि एका कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. वापरू का?

उत्तर : बाळा, आधी ते ठिपके खोळीवर आहेत की आत कापसात, ते बघ. कोपऱ्याची शिवण चार बोटं उसव आणि नाक लाव. वास फक्त कापडाला असेल तर खोळ आणि गादीपाट बदल, कापूस तीन दिवस सकाळच्या उन्हात पसर. कापसाच्या आतच काळपट पडलं असेल तर तेवढा कापूस काढून टाक, त्याचा मोह धरू नकोस. ठिपके अर्ध्या गादीभर असतील, किंवा तुला दम्याचा त्रास असेल, तर पूर्ण गादीच घेऊ नकोस. उसवताना तोंडाला रुमाल बांध आणि गच्चीवर उसव, खोलीत नको. अत्तर किंवा डांबराच्या गोळ्या घालून वास झाकू नकोस. ओलावा तसाच राहतो आणि गोळ्यांच्या वासात रात्रभर झोपणंही चांगलं नाही. शिवणीच्या कडांना ढेकणांची काळी टिंबं नाहीत ना, तेही टॉर्च लावून पाहा.

प्रश्न : आमच्या लग्नातली कापसाची गादी आहे, बावीस वर्षांची. गाठी झाल्यात. मुलं म्हणतात टाकून द्या. टाकू का? (होटगी रोडवरचे एक वाचक)

उत्तर : दादा, टाकू नका. कापूस दबतो, मरत नाही. पुन्हा पिंजला की धागे सुटे होतात आणि गादी उठते. जपानमध्येही हेच करतात, त्याला उचिनाओशी म्हणतात. जुनी फुतोन उसवून, पिंजून, थोडा नवा कापूस घालून नवी भरतात. बावीस वर्षांत धागा तुटून कापूस घटलेला असणार, तेव्हा दर तीन किलोमागे एक किलो नवा घाला. गादीपाट नवाच घ्या, जुना विरला असेल. पिंजाई पावसाळ्याआधी उरका, कारण ओलसर हवेत कापूस नीट सुटत नाही. जुन्या कापसातून नवऱ्याची एक आणि बायकोची एक अशा दोन पातळ गाद्या सहज निघतील. मुलांना त्यातल्या एकीवर एक रात्र झोपवा, मग त्यांना विचारा.