नावाची किंमत पाटीवर लिहा

वाचकांचे प्रश्न : इंटरनेट आणि व्यवसाय

प्रश्न : सप्रेम नमस्कार मॅडम. करोनाच्या काळात घरी बसल्या बसल्या माझ्या यजमानांनी चार डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेवली. एक आमच्या तालुक्याचं नाव आणि पुढे 'हापूस', डॉट कॉम. दुसरं तालुक्याचंच, पुढे 'होमस्टे', डॉट इन. तिसऱ्यात एका मोठ्या मोटार कंपनीचं नाव आणि पुढे जिल्ह्याचं नाव, डॉट कॉम. चौथं आमच्या बागेचं, देवनागरीतलं, डॉट भारत. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे जातात, म्हणून आता विकून टाकू म्हणतोय. परदेशी मार्केटप्लेसवर विक्रीला लावता येतात असं कळलं. त्यातच गेल्या आठवड्यात हापूसच्या नावासाठी साडेचार हजार डॉलर देतो असा ईमेल आला. पण अगोदर अमुक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा, असं तो म्हणतो. आणावं का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : प्रमाणपत्र आणू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण अंक तुमच्या हाती पडेपर्यंत त्या माणसाचे आणखी ईमेल आलेले असतील आणि प्रत्येकात घाई जास्त असेल. ही फसवणूक जुनी आहे. 'मूल्यांकन' करणारी साइट त्याची स्वतःचीच किंवा त्याच्या साथीदाराची असते. तुम्ही फी भरता, छानसं प्रमाणपत्र येतं आणि खरेदीदार गायब होतो. ओळखायची खूण सोपी आहे. खरा खरेदीदार घासाघीस करतो. हा मात्र भाव एका शब्दाने खाली आणत नाही, फक्त एका ठरावीक साइटचं नाव पुन्हा पुन्हा घेतो. त्याला एकच ओळ लिहा : 'नाव अमुक मार्केटप्लेसवर अमुक किमतीला आहे, तिथून घ्यावं.' खरा असेल तर घेईल.

आता तुमची नावं. चारही नावांना एकच उत्तर लागू होत नाही, म्हणून एकेक घेते.

मोटार कंपनीचं नाव विक्रीला लावू नका. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या खटल्यात 'रॅडिफ' अशा मिळत्याजुळत्या नावाच्या वापराला मनाई केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं हे स्पष्ट केलं. शिवाय डॉट कॉमसाठी यूडीआरपी नावाचं तंटा सोडवण्याचं आंतरराष्ट्रीय धोरण १९९९ पासून आहे. ट्रेडमार्कच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला खर्चापेक्षा जास्त भावाने विकण्यासाठीच नाव घेतलं असेल, तर ती त्यात वाईट हेतूची खूण मानली आहे. म्हणजे तुमची 'विक्रीसाठी' ही पाटीच तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकते. निकाल विरुद्ध गेला तर नाव फुकट सोडावं लागतं. २०२४ मध्ये जिओ आणि हॉटस्टार ही दोन नावं जोडून केलेल्या डोमेनची बातमी तुम्ही वाचली असेल. दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव आधीच घेऊन ठेवलं होतं आणि त्याबदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला होता. कंपनीने नकार दिला. तुमच्या यजमानांचा हेतू वाईट नव्हता हे मी मानते, पण ते सिद्ध करत बसण्याएवढं हे नाव मोलाचं नाही. त्याचं आपोआप नूतनीकरण बंद करा आणि मुदत संपू द्या. कंपनीला 'विकत घेता का' असं पत्र मुळीच पाठवू नका.

हापूसचं नाव मात्र चांगलं आहे, आणि त्यावर मला सविस्तर लिहायचंय.

डोमेनची किंमत बोलताना लोकांच्या डोक्यात २०१० साली ३.५६ कोटी डॉलरना गेलेलं इन्शुरन्स डॉट कॉम असतं, नाहीतर २०१९ साली ३ कोटी डॉलरना गेलेलं व्हॉइस डॉट कॉम. त्या व्यवहारांचा तुमच्या नावाशी काडीचा संबंध नाही. किंमत ठरवायची ती गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून. तुमचं गिऱ्हाईक कोण? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना. त्यातल्या तुमच्या तालुक्यात स्वतःच्या बागेची पेटी थेट पुण्या-मुंबईच्या घरी पोचवणारे बागायतदार असतील. ही मंडळी मोहोर धरला की बुकिंगची तयारी सुरू करतात. कोणाचा तरी मुलगा किंवा पुतण्या रात्री लॅपटॉपवर बसतो, रजिस्ट्रारच्या, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, शोधाच्या चौकटीत तालुक्याचं नाव आणि 'हापूस' टाइप करतो. तिथे 'नाव घेतलेलं आहे' एवढंच दिसलं तर तो पुढे 'फ्रेश' नाहीतर 'ऑनलाइन' जोडून दुसरं नाव घेतो आणि झोपतो. तिथेच किंमत दिसली तर मात्र तो विचार करतो.

मार्केटप्लेसचा खरा उपयोग इथे आहे. सेडो ही जर्मनीतली जुनी कंपनी आणि गोडॅडीच्या मालकीची आफ्टरनिक, या दोघींचं जाळं अनेक रजिस्ट्रारपर्यंत पोचलेलं आहे. तुम्ही एका ठिकाणी नाव आणि ठाम किंमत लावली की ती दुसऱ्या रजिस्ट्रारच्या शोधातही दिसू शकते. म्हणून माझा आग्रह एकच : किंमत लिहा. 'ऑफर द्या' एवढंच लिहून सोडलेल्या नावांबद्दल गिऱ्हाइकाला वाटतं की मालक डोळे पांढरे होतील असं काहीतरी मागणार, आणि ते विचारतच नाही. आंबा बागायतदार तर नक्कीच विचारणार नाही, कारण हंगामाच्या तोंडावर त्याला परक्या माणसाशी इंग्रजीतून भाव करत बसायला वेळ नसतो.

किती लिहावी? नेमबायो या वेबसाइटवर जुन्या विक्रीच्या नोंदी बघता येतात. तिथे फळाचं किंवा शेतमालाचं नाव आणि गाव किंवा प्रांत, अशी जोडनावं किती डॉलरना गेली ते शोधा. माझ्या अंदाजाने तुमच्या नावाला ७०० ते ९०० डॉलर ही पाटी शोभेल. समजा ८०० लिहिले. कमिशन १५ टक्के असेल तर १२० जातात आणि ६८० हाती येतात. २५ टक्के असेल तर २०० जातात आणि ६०० येतात. काही ठिकाणी नावाचे नेमसर्व्हर (नाव उघडल्यावर कुठलं पान दाखवायचं ते ठरवणारी सेटिंग) मार्केटप्लेसकडे वळवले तर कमिशन कमी लागतं. नेमसर्व्हर वळवल्यावर तुमचं नाव थेट उघडणाऱ्यालाही किंमत आणि खरेदीचं बटण असलेलं पान दिसतं. ते नक्की करा. २०१८ पासून मालकाची माहिती सार्वजनिक नोंदीत बहुतेक वेळा झाकलेली असते, त्यामुळे हे पान नसेल तर गिऱ्हाइकाने तुम्हाला गाठायचं कसं? लिस्टिंग करताना दरपत्रक त्या दिवशीचं वाचा, हे दर बदलत असतात.

आणि पाटी लावायचा महिना चुकवू नका. मे महिन्यात बागायतदार आंबा काढत असतो, नाव घेत नसतो. दिवाळी झाली की लावा.

होमस्टेचं नाव डॉट इन आहे आणि त्याचं गिऱ्हाईक तुमच्यापासून एसटीच्या एका तिकिटावर आहे. त्यासाठी परदेशी मार्केटप्लेसची वाट पाहू नका. त्या नावावर एक साधं पान टाका : मराठीत दोन ओळी, इंग्रजीत दोन ओळी, रुपयांत किंमत आणि व्हॉट्सअॅपचा नंबर. मग ज्यांची नवी घरं तयार होतायत त्यांना स्वतः फोन करा. एक गोष्ट मात्र आधी तपासा. आपल्या गावांची इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन स्पेलिंगं चालतात. स्टेशनच्या पाटीवर आणि नकाशाच्या अॅपवर जे आहे तेच तुमच्या नावात असेल तर किंमत ठाम ठेवा. वेगळं असेल तर निम्म्यावर या.

डॉट भारत हे देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांना ते चालतं. डॉट इनप्रमाणे त्याचीही व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. मला हा विस्तार मनापासून आवडतो, आपल्या अक्षरांत आपल्या बागेचं नाव उघडतं याचा आनंद वेगळाच. पण विक्रीचं बोलायचं तर बाजार फार लहान आहे. आतून हे नाव रोमन अक्षरांत, 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या लांबलचक रूपात साठवलेलं असतं, आणि काही साइट तेच रूप दाखवतात. ते बघून गिऱ्हाईक बिचकतं. हे विकू नका, वापरा. घरच्या बागेचं पान त्यावर करा.

शेवटी व्यवहाराची काळजी. नाव कोणाच्या खात्यात आहे ते आजच उघडून बघा. वेबसाइट करून देणाऱ्याने नाव स्वतःच्याच खात्यात घेऊन ठेवल्याचं मला कामात फार वेळा दिसतं, आणि मालकाला ते विक्रीच्या दिवशी कळतं. खात्याला जोडलेला ईमेल आणि मोबाइल यजमानांचाच आणि चालू असायला हवा. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला ऑथ कोड, म्हणजे त्या नावाचा पासवर्डसारखा गुप्त कोड, लागतो. पैसे मार्केटप्लेसकडे किंवा एस्क्रोकडे (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडे) जमा झाल्याचं तुम्ही स्वतः लॉगिन करून बघेपर्यंत तो कोड कोणालाही देऊ नका. 'पैसे जमा झाले' असा ईमेल आला एवढ्यावर विसंबू नका, ते ईमेलही खोटे बनवतात. पैसे परदेशातून आले की बँकेकडून परकीय आवकीचा कागद मागून घ्या आणि तो सीएंना द्या.

प्रश्न : आमचं मिठाईचं दुकान आहे. दुकानाच्या नावाचं डॉट कॉम कोणीतरी २,९८८ डॉलरना विक्रीला लावलंय. मालक कोण ते दिसत नाही. आमच्याच नावाचे पैसे आम्ही का द्यायचे? तक्रार करता येईल का?
— एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : तुमचा संताप समजतो. पण आधी एक तारीख बघा. हूइजच्या, म्हणजे डोमेन नावांच्या सार्वजनिक, नोंदीत मालक झाकलेला असला तरी नाव पहिल्यांदा कधी नोंदवलं ती तारीख दिसते. तुम्ही पत्रात दुकान २०१५ चं असल्याचं लिहिलंय, आणि नाव तर साधं, देवाचं, देशभर हजारो दुकानांना असलेलं आहे. ते २००६ मध्ये नोंदवलेलं असेल आणि तेव्हापासून त्याच मालकाकडे असेल, तर त्याने तुम्हाला डोळ्यासमोर ठेवून घेतलं असं कोणी मानणार नाही. वरच्या उत्तरातल्या यूडीआरपीखालच्या तक्रारीत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव तुमच्या ट्रेडमार्कशी जुळतं, आताच्या मालकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. जिनिव्हातल्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका पंचापुढच्या साध्या तक्रारीची फीच १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. तक्रार हरलात तर ते पैसे गेले.

मग घासाघीस करा. मार्केटप्लेसवरच्या ऑफरच्या चौकटीतून हजार डॉलरपासून सुरुवात करा. दुकानाचा फोटो, शाखा, उलाढाल यांतलं काही लिहू नका. लगेच होकार आला नाही तर महिनाभर थांबा. हप्त्यांनी घेण्याची सोय काही ठिकाणी असते, तीही बघा, पण हप्ते पूर्ण होईपर्यंत नाव तुमच्या मालकीचं होत नाही हे लक्षात ठेवून पाट्या आणि खोके छापा. मालकाने 'बाहेर थेट व्यवहार करू, कमिशन वाचेल' असं सुचवलं तर नको म्हणा.

दरम्यान, डॉट इन मोकळं आहे का ते आज रात्रीच बघा. असेल तर घेऊन टाका. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला डॉट इन परकं नाही.

प्रश्न : मुदत संपलेली नावं स्वस्तात घेऊन विकण्याचा कोर्स पंधरा हजारांत आहे. मी शेवटच्या वर्षाला आहे. करू का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : कोर्स करू नकोस. त्यात जे शिकवतील ते आकड्यांत सांगते. डॉट कॉमचं नूतनीकरण वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये धर. शंभर नावं म्हणजे वर्षाला लाखाच्या वर खर्च. या धंद्यातले अनुभवी लोक सांगतात की शंभरातली एक-दोन नावं वर्षात विकली जातात, आणि तीही निवड चांगली असेल तर. मुदत संपलेलं डॉट कॉम लगेच मोकळं होत नाही. आधी रजिस्ट्रारची सवलतीची मुदत, मग मालकाला सोडवून घ्यायचे ३० दिवस, मग आणखी ५ दिवस. चांगली नावं त्याआधीच रजिस्ट्रारच्या लिलावात जातात, आणि जी खरोखर सुटतात ती सुटण्याच्या क्षणाला मोठ्या कंपन्यांची यंत्रं उचलतात. तुझ्या हाती उरतं ते त्यांनी नको म्हटलेलं.

हौस असेल तर पाचच नावं घे. पण प्रत्येक नाव घेण्याआधी ते ज्यांना लागेल अशा दहा खऱ्या व्यवसायांची नावं वहीत फोन नंबरसकट लिही. दहा भरले नाहीत तर ते नाव घेऊ नकोस.