वाचक विचारतात : इतिहासात एम.ए. करू का?

प्रश्न : मी कोपरखैरणे गावठाणात राहते. इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे आधुनिक इतिहासात एम.ए. करायचं मनात आहे. पप्पा म्हणतात, सनावळ्या घोकून पोट भरतं का? एमपीएससीला तरी उपयोग होईल का? आजोबांची शेती सिडकोत गेली, त्यामुळे घराला आता नोकरीचाच आधार.

उत्तर : नुसत्या एमपीएससीसाठी एम.ए. करू नकोस. तिथल्या इतिहासाची तयारी अभ्यासिकेत बसूनही होते. प्राध्यापकी हवी तर नेट नाहीतर सेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, वर्षं काढायची तयारी. मी ठाण्यात जन्मभर हा विषय शिकवला. माझे हुशार विद्यार्थी अजून तासिकेवरच आहेत. पप्पांची काळजी अगदीच खोटी नाही.

सनावळ्यांचं मात्र त्यांना समजावून सांग. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, एवढं शाळेत पुरतं. त्या रेल्वे कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि नफा कमी पडला की भर रयतेच्या महसुलातून पडायची, हे एम.ए.ला वाचशील. तिथून पुढे मजा आहे.

आणि तू जाता जाता लिहिलंस ते आजोबांच्या शेतीचं? नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १९७० साली. पण भूसंपादनाचा कायदा होता १८९४चा, इंग्रजांचा. २०१३ साली नवा कायदा होईपर्यंत तोच चालला. म्हणजे स्वतंत्र भारतात आजोबांना आलेली नोटीस राणीच्या राज्यातल्या कायद्याची! स्वतःच्या सरकारला तो इतकी वर्षं का पुरला? १९८४च्या जानेवारीत उरणकडच्या जासई परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार होऊन पाच जण गेले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती त्याच्याही नंतर. एवढ्यावर प्रबंध होईल, आणि बाहेरच्या संशोधकाला जे कागद मागत फिरावं लागेल ते तुझ्या घरात असतील.

तेव्हा आत्तापासून कामाला लाग. घरातले जुने सातबारा, नोटिसा, मोबदल्याचा निवाडा शोध. आजी असेल तर तिला बोलतं कर, फोनवर रेकॉर्ड कर. ती आगरीत बोलली तर आगरीतच उतरव, शुद्ध करत बसू नकोस. जुनी कागदपत्रं वाचायला मोडी लिपीचा वर्ग लाव. इंग्रजीला घाबरत असशील तर तो घोर आत्ताच मिटव, कारण फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात इंग्रज अमदानीचं दप्तर ढीगभर इंग्रजीत आहे, तेही हाताने लिहिलेलं. सुट्टीत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसत जा. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर मिळालं तर मिठागरांचा भाग आधी वाच.

हे सगळं करताना कंटाळा आला, तर खुशाल दुसरी वाट धर. नाही आला, तर कलिन्याचा, म्हणजे मुंबई विद्यापीठातल्या एम.ए.चा, फॉर्म भर. आणि घरच्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेव. मूळ प्रत कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी द्यायची नाही, अगदी मार्गदर्शक प्राध्यापकांनासुद्धा.