कोपीवरच्या तान्ह्या बाळासाठी

प्रश्न : गावाबाहेर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्यात. दोन बाळंतिणी आहेत. त्यांची नोंद त्यांच्या गावी, त्यामुळे इथं कुणी फिरकत नाही. बचत गटातल्या आम्ही दोघी दुपारी गेलो, तर कोप्या रिकाम्या. काय करावं?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : ताई, दुपारी तिथं कोणी भेटणार नाही. पहाटेच सगळे फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतात जातात, तान्हं बाळही बांधावरच्या झोळीत असतं. मुकादमाच्या कानावर घालून संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा जा. पहिल्या भेटीत वही काढू नका. आधी बाळ बघा.

नोंद कुठलीही असो, आशाताईंना सोबत न्याच. घरभेटींचे दिवस जन्मापासून मोजायचे : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिलाही. टोळी उशिरा आली म्हणून मोजणी पुन्हा सुरू होत नाही, इथंच बहुतेकांची गल्लत होते. पुढच्या भेटी ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका, तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तरी तेवढेच, किंवा छाती आत ओढली जातेय, दूध सोडलंय, अंग गार पडलंय, तळवे पिवळे दिसतायत, तर १०८ बोलवा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. ‘पैसे लागतील’ म्हणून घरचे थांबतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आई फडात आणि बाळ कोपीवर आजीपाशी, असं असेल तर खरी अडचण दुधाची. बाटली नकोच; तिथं ती उकळायला ना पाणी, ना सरपण. धुतलेल्या हातांनी स्वच्छ स्टीलच्या वाटीत दूध काढून, झाकून सावलीत ठेवावं आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजावं. उरलेलं टाकून द्यावं.

लसीकरणाचं कार्ड गावीच राहिलं असेल तर तिथल्या आशाताईंना फोन लावून तारखा घ्या, इथं नवं कार्ड करून घ्या. डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिला तिथून पुढे.

कुटुंब नंदुरबारकडचं पावरा बोलणारं असेल तर टोळीतलीच एखादी जाणती बाई मध्ये घ्या, शाळकरी पोर नको. बाळंतिणीचं दुखणं बायका मुलासमोर सांगत नाहीत.

टोळी रातोरात हलते. म्हणून प्रत्येक भेटीत पुढचा फड विचारा आणि बाळाचं वजन, शेवटच्या लसीची तारीख, पुढच्या भेटीचा दिवस एवढं बापाच्या मोबाइलवर त्याच दिवशी पाठवा.